माळ्यावरच्या गोधड्या

ईडन प्रेरी, मिनेसोटा
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

मायन्यातच अडले. कोर्टाच्या कागदाप्रमाणे तुम्ही आता माझ्या सासूबाई नाही, मग लिहायचं तरी काय? ‘नीलांबरीताई’ लिहिलं असतं तर तुम्ही पाकिटावर ‘पत्ता चुकला’ असा शेरा मारून ते परत धाडलं असतं. नागपूरच्या पोस्टात उभी हयात काढलेल्या बाईचा शेरा, त्यावर अपील नाही. म्हणून लग्नापासून जे म्हणत आले तेच लिहिलं. आवडलं नाही तर कळवा. कळवायला तरी तुम्हाला लिहावं लागेल.

घटस्फोट झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘फोन करू नको, तुझा आवाज ऐकला की मला बोलवत नाही.’ दोन वर्षं मी ते पाळलं. पण पत्र लिहू नको असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, आणि आलेलं पत्र न फोडता ठेवणं तुमच्याच्याने होणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

अनिका मजेत आहे. माझ्या खांद्याला लागली. यतीनकडे तुम्ही दिलेले मेथीचे लाडू तिने ‘टू बिटर’ म्हणून नाकारले आणि मग गुपचूप संपवले.

आता पत्राचं कारण. आजीच्या खोलीचं छत गळलं. अनिका झाली तेव्हा मी बाळंतीण म्हणून जिथे पडून होते आणि पुढे प्रत्येक वेळी तुम्ही जिथे राहिलात, तीच ही कोपऱ्यातली खोली. तुम्ही येत नाही म्हणून तिचं नाव काही बदललं नाही, घरात सगळे अजून तिला आजीची खोलीच म्हणतात. सगळे म्हणजे आम्ही दोघी.

गेल्या आठवड्यात छतावर पोळीएवढा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो परातीएवढा झाला आणि ठिबकायला लागला. बाहेर पन्हळीला हातभर लांबीचे बर्फाचे सुळके लोंबत होते. येणारे-जाणारे ‘सो प्रिटी’ म्हणून त्यांचे फोटो काढत होते आणि आत मी डाळीचं पातेलं खाली लावून बसले होते.

मग घराला ऊब पुरवणाऱ्या आमच्या गॅस कंपनीने घर तपासायला इंग्रिड नावाच्या बाईंना पाठवलं. साठीच्या, पण उंचीने अशा की शिडी न लावता माळा झाडतील. त्या कपड्यांच्या कपाटातल्या झडपेतून माळ्यावर गेल्या आणि बऱ्याच वेळाने खाली आल्या, त्या हातात गोधडी घेऊन.

अनिका म्हणाली, “आई, व्हाय इज देअर अ साडी इन अवर ॲटिक?”

ती साडी नव्हती. तुमच्या आईंचं हिरवं लुगडं होतं, गोधडीत गेलेलं. टाका पाहिला आणि ओळखलंच, कडेने सुरू होऊन चौकोनात आत-आत जाणारा टाका दुसरं कोण घालतं? इंग्रिडबाईंनी मग एकामागून एक सहा गोधड्या काढल्या. तुम्ही तेव्हा यतीनला वर चढवून त्या खोचून घेतल्या असणार. तुमचा मुलगा एरवी बल्ब बदलायला उठत नसे, त्यामुळे मला नवलच वाटलं.

गोधड्या थोड्या ओल्या झाल्या होत्या. तळघरात हीटरपाशी दोरी बांधून वाळत घातल्यात. इंग्रिडबाई बरंच काही म्हणाल्या, ते सगळं लिहीत बसत नाही. छप्पर जुनं आहे, गळायचंच.

ती खोली मी नीट करून घेणार आहे, पुढच्या थंडीच्या आत. गेल्या वर्षी तुम्ही मिशिगनला यतीनकडे आलात, अनिकाला तिकडे नोव्हाय गावी बोलावून घेतलंत, इकडे मात्र आला नाहीत. ‘त्या घरात आता मी कोणत्या नात्यानं जाऊ?’ असं त्याला म्हणालात, ते त्याने मला सांगितलं. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. खोली आहे.

आपली,
आसावरी


२७ एप्रिल २०२५

ती. आई,

आधी हातातली सुई खाली ठेवा आणि मग हे वाचा.

काल यतीनचा फोन आला. अनिकाच्या सुट्टीचं बोलून झालं आणि तो सहज म्हणाला, “बाय द वे, आई तुझ्या ॲटिकसाठी गोधड्या शिवतेय.”

“काय?”

“जुन्या भिजल्या ना! चार रेडी आहेत. अजून दोन करणार म्हणते. शेजारच्या काकूंकडून जुन्या साड्या आणल्यात. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला यार, कुणाचं ऐकत नाही.”

मी कपाळावर हात मारून घेतला. झाकली मूठ ठेवायला गेले आणि तुम्हाला डोळे फोडत बसवलं. तेव्हा आता खरं सांगते. छत गळलं ते बरंचसं त्या गोधड्यांमुळे. सहांपैकी दोन कुजल्या होत्या, टाकून द्याव्या लागल्या. हिरवी वाचली.

तुम्ही छताकडे बोट दाखवून म्हणायचात, ‘इथून गार पडून राहिलं.’ आपल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं. घडत होतं ते उलट. इंग्रिडबाईंनी पुढच्या दारात एक मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली आणि मला छतातल्या दिव्यांपाशी हात धरायला सांगितला. प्रत्येक दिव्याच्या कडेने वारा! एरवी त्याच फटींतून आपली ऊब वर निघून जाते. तुमच्या कुकरची वाफ, माझ्या फोडणीची वाफ, सगळी माळ्यावर. त्यात घर बांधणाऱ्याने बाथरूमचा पंखाही बाहेर न काढता माळ्यातच सोडून दिला होता, म्हणजे पापात तोही वाटेकरी.

आता छप्पर उतरत येऊन जिथे भिंतीला टेकतं, तिथे बाहेरची हवा आत घ्यायला जाळ्या असतात. ती हवा छपराच्या पोटाखालून वाहते, ओल वाळवते, छप्पर गार ठेवते. इथल्या थंडीत छप्पर गारच हवं, हे मलाही आत्ताच कळलं. ते खालून तापलं की वरचा बर्फ वितळतो, पाणी पन्हळीशी येऊन पुन्हा गोठतं, त्याच्यामागे आणखी पाणी तुंबतं आणि कौलांच्या खालून आत शिरतं. आपल्या गोधड्या नेमक्या त्या जाळ्यांवर दाबून बसवल्या होत्या. वारा येतोय म्हणजे भोक आहे, भोक आहे म्हणजे बुजवा. कोणत्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. इथले लोक करत नाहीत, कारण त्यांच्या घरात सहा गोधड्या नसतात.

आता मी करते काय ते सांगते, म्हणजे तुम्हाला शिवायची गरज पडणार नाही. पहिलं, फटी बुजवायच्या. दुसरं, बाथरूमच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर काढायचा. तिसरं, कडेच्या जाळ्यांपासून वर हवेला वाट मोकळी राहील अशा पोकळ पट्ट्या छपराला आतून ठोकायच्या. आणि मगच वर भुसा भरायचा. भुसा म्हणजे रद्दीचा केलेला चुरा, आग धरू नये म्हणून औषध लावलेला.

किती भरायचा, यावर मात्र डोकं फिरायची वेळ आली. एक विक्रेता म्हणाला, फोम फवारून सगळं कायमचं सीलबंद करू. दुसरा म्हणाला, जितकं जास्त तितकं चांगलं, दोन फूट चढवू. तिसऱ्याने माळ्यावर डोकंही घातलं नाही, खालूनच ‘यू आर गुड’ म्हणाला आणि गेला. इथे उबेलाही आकडा असतो, जितका मोठा तितकी ऊब टिकते. आपल्या माळ्यावर एकोणीस आहे, या भागाला एकोणपन्नास तरी हवा, साठ म्हणजे चंगळ. दिवसभर ऑफिसात आकडे उपसणारी मी, घरी येऊन एक्सेल शीट केलीच. पहिले काही इंच चढले की घर पार बदलतं. पुढच्या इंचांनी बऱ्यापैकी फरक पडतो. त्यापुढे नुसती भर, फरक नाही म्हटलं तरी चालेल.

तो आलेख बघताना मला तुम्ही आठवलात. अनिकाला न्हाऊमाखू घालून कपडे चढवताना तुम्ही मोजायचात: एक कपडा अंगाला, दुसरा उबेला, तिसरा आईच्या समाधानाला. असं म्हणून तो तिसरा घडी करून बाजूला ठेवायचात. बाळाच्या बाबतीत तुम्हाला जे कळत होतं ते घराच्या बाबतीत कसं विसरलात? मी जुन्यासकट सोळा इंचांवर थांबायचं ठरवलं आहे. इंग्रिडबाईही तेवढंच म्हणाल्या.

आता तुमच्या मनात येईल, ही बया घराच्या आडून मला बोलतेय, फार घट्ट धरू नका, हवा खेळू द्या वगैरे. नाही हो. मी घराबद्दलच बोलतेय.

पाकीट बंद करायला हात धजत नाही, तरी करते. नव्या गोधड्यांवर उगाच रागावू नका.

आसावरी


८ जून २०२५

ती. आई,

तुमचं उत्तर नाही. यतीनला विचारलं तर म्हणाला, ‘पत्र वाचलं तिने. देवघरात ठेवलंय. बोलत नाही काही.’ देवघरात ठेवलंय म्हणजे बरं की वाईट, ते मला कळेना.

काम झालं. माझी मैत्रीण रेणू, डोंबिवलीची, तुम्ही तिला एकदा ‘फार बोलते’ असं म्हणाला होतात, तीच मदतीला आली. भुसा उडवायचं यंत्र भाड्याने आणलं, ते गॅरेजमध्ये, तिथून नळी खिडकीतून वर. रेणू खाली पोती ओतणार आणि मी वर नळी धरून बसणार. तासाभराने तिचा फोन, “आसावरी यार, लोक मैत्रिणीला वाढदिवसाला स्पामध्ये नेतात, तू मला रद्दी दळायला बसवलंस!” तिचा वाढदिवस होता हे मी साफ विसरले होते. संध्याकाळी शिरा केला.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आदल्या आठवड्याचं. फटी बुजवायला मी एकटीच वर गेले होते. जुना गुलाबी कापूस आहे ना वर, काचेच्या तंतूंचा, तो बाजूला सारत कडेपर्यंत सरपटत जावं लागतं. तिथे बसताही येत नाही, छपराचे खिळे डोक्याला लागतात. खाली आले तेव्हा कोपरापर्यंत हात लाल, मानेला आग, खाजवून जीव नकोसा झाला. दुकानातलं मलम लावून बघितलं, काही उपयोग नाही. शेवटी तुमच्यासारखा खोबरेल तेलात कापूर चुरला, हाताला चोळायला लागले आणि चोळता-चोळता थांबले.

अनिका तीन-चार आठवड्यांची असताना तुमचे हात असेच झाले होते. अगदी असेच, कोपरापर्यंत. हाच वास खोलीभर होता. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘इथला साबण अंगाला मानवत नाही मला.’ मी यतीनला दुकानात पिटाळून चंदनाचा साबण आणवला आणि तुम्ही तो मुकाट्याने वापरलात.

मी तशीच तेलकट हातांनी यतीनला फोन लावला. “गोधड्या तू टाकल्या होत्यास ना वर?”

“मी? नाही गं. आईने.”

“आई वर चढल्या होत्या?”

“मी ऑफिसातून आलो तर ती क्लोजेटमध्ये शिडीवर. साडी खोचलेली, केसांत सगळा पिंक कापूस. मी ओरडलो, तर म्हणाली, हळू बोल, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. आणि तिला सांगशील नको, उठून बसेल. मला वाटलं, नंतर तिनेच सांगितलं असेल तुला.”

तुम्ही सांगितलं नाहीत. गुडघे दुखतात म्हणून तुम्ही जिना एकेक पायरी चढायचात, आणि साठीत त्या शिडीने झडपेतून वर गेलात. सहा गोधड्या घेऊन, म्हणजे खाली-वर किती खेपा झाल्या असतील ते मी मोजत नाही. त्या अंधारात पोटावर सरपटत माझ्या डोक्यावरच्या कोपऱ्यापर्यंत पोचलात. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही गोधड्या स्वतःला पांघरायला आणल्या होत्या आणि परत नेल्या. तुम्ही तर तो सगळा मुक्काम दोन स्वेटर चढवून, पायांत यतीनचे मोजे घालून काढलात. ‘इथली ब्लँकेटं पुरतात की’ असं म्हणत. त्यानंतर जेव्हा-जेव्हा आलात, अगदी जुलैतही, तेव्हा या घरात मी तुमचे पाय उघडे पाहिलेले नाहीत.

त्या वर्षी अशी थंडी पडली होती की शाळा बंद ठेवल्या होत्या. पण मला गार वाटत होतं ते तेवढ्यानेच नव्हतं. मी सारखी रडत होते आणि का ते मला कळत नव्हतं. डॉक्टरांनी पुढे त्याला नाव दिलं, औषध दिलं. तेव्हा तोंडातून एवढंच निघायचं, गार वाटतंय. माझी आई मी बारावीत असतानाच गेली, नाहीतर तिला काही सांगता आलं असतं कदाचित. तुम्ही मात्र ‘काहून रडतेस, सोन्यासारखी पोर झाली’ असं एकदाही म्हणाला नाहीत. मी गार वाटतंय म्हणाले, तर गार कुठून येतंय ते शोधायला निघालात.

आई, मागच्या पत्रात मी तुम्हाला हवा आणि ओल शिकवली. त्यातला एकेक शब्द बरोबर आहे आणि गोधड्या परत वर जाणार नाहीत, ते आधीच सांगते. पण हे मला तेव्हा माहीत असतं तर आधी हे पत्र लिहिलं असतं. यतीन आणि मी एकमेकांना पुरलो नाही. भांडलोही नाही धड. त्यात कोण चुकलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण त्या लग्नात मला तुम्ही मिळालात, आणि ते मिळणं मी कुणाला परत करणार नाही. तुमची मी ऋणी आहे आणि ऋणी असण्याचं मला सुख वाटतं. हे तोंडावर म्हणाले असते तर तुम्ही ‘पुरे झालं नाटक’ म्हणाला असतात, म्हणून लिहून टाकते.

छताचा डाग रंगवून घेतला. खोली तयार आहे.

तुमची,
आसावरी


नागपूर
२ सप्टेंबर २०२५

चि. आसावरी,

हाताच्या सवयीनं ‘चि. सौ.’ लिहिलं होतं, मग सौ. खोडलं. चि. तसंच ठेवलं, ते काही कोणी काढून घेत नाही.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. दुसऱ्यानं फार वेळ घेतला. आमच्या वेळी असं झालं असतं तर पोस्टमास्तरांनी उभं केलं असतं. तिसरं आलं त्याला आता बरेच दिवस झाले. यतीन पोट्टा तोंडाचा पक्का नाही हे मला माहीत होतं, पण अकरा वर्षं गप्प राहिला, तेवढं त्याचं कौतुक.

मी रागावले होते. गोधड्यांनी गळलं म्हणून नाही. चूक माझी होती, वारा दिसला आणि बुजवला, मागचा-पुढचा विचार केला नाही. राग आला तो पहिल्या पत्राचा. छप्पर जुनं आहे म्हणून लिहिलंस. म्हातारीला वाईट वाटेल म्हणून लपवलंस ना? असं परक्याशी वागतात. तुझं-माझं तसं कधी नव्हतं. मी केलेलं वरण खारट झालं तर तू पहिल्या घासाला सांगायचीस. दुसऱ्या पत्रात फाडकन सांगितलंस तेव्हा जीव भांड्यात पडला. पण तिसरं वाचलं आणि मला लिहिताच येईना. पत्रं देवघरात ठेवली ती रोज दिसावीत म्हणून.

आता ते कोणत्या नात्यानं यायचं त्याचं. तुझ्याकडं उत्तर नाही म्हणतेस. मी खूप विचार केला. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझं कोणी केलं? मी केलं. म्हणजे मी तुझी माहेरची. सासर होतं ते कोर्टानं मिटवलं, मिटवू दे. माहेर मिटवायचा कायदा मला तरी ठाऊक नाही, आणि मी सरकारी नोकरीतली आहे.

येत्या नोव्हेंबरात नोव्हायला येऊन राहिले. जानेवारीत अनिकाच्या वाढदिवसाला तुझ्याकडं. यतीनला तिकीट काढायला सांगितलं, त्यानं काहून असं विचारलं नाही.

नव्या चार गोधड्या घेऊन येते. माळ्यावर घालायच्या नाहीत म्हणतेस, नाही घालत. पण तुझे ते सोळा इंच मी बघणार. शिडी धरायला त्या बडबड्या मुलीला बोलव. आणि जुन्या गोधड्या उन्हात घाल, हीटरपाशी वाळवलेल्या कापडाला वास येतो.

आशीर्वाद,
आई


ईडन प्रेरी
१८ जानेवारी २०२६

ती. आई,

तुम्ही पलीकडच्या खोलीत दुपारच्या झोपल्या आहात आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हालाच पत्र लिहितेय. अनिका म्हणते, “आई, शी इज लिटरली राइट देअर.” पण समोर काही बोलायला गेलं की तुम्ही विषय कोथिंबिरीवर नेता. म्हणून हे लिहून तुमच्या बॅगेत ठेवते. नोव्हायला गेल्यावर वाचा.

तुम्ही विमानतळावर दिसलात तेव्हा वाकू की मिठी मारू या घोळात मी नुसतीच उभी राहिले, आणि तुम्ही म्हणालात, “बारीक झालीस. आधी गाडी काढ, इथं वारा आहे.” त्याने सगळं सोपं झालं.

घरात शिरल्या-शिरल्या चहासुद्धा न घेता तुम्ही कपाटात गेलात. मी नको-नको म्हणत असताना दोन पायऱ्या चढलात, टॉर्च मारलात. रेणूने दोन्ही हातांनी शिडी धरली.

“ज्वारीच्या कोंड्यासारखं दिसून राहिलं,” तुम्ही वरून म्हणालात. “आणि ती कडेची वाट?”

“ती उघडीच ठेवायची.”

“सतरा इंच का नाही केले?”

“सतरावा माझ्या समाधानाचा झाला असता.”

तुम्ही टॉर्च माझ्या तोंडावर मारलात. हसत होतात का ते उजेडामुळे मला दिसलं नाही. खाली उतरून मात्र एवढंच म्हणालात की ठीक आहे, चहा टाक.

आज बाहेर थंडीने पापण्या चिकटतायत. सकाळी मी मुद्दाम रस्त्यावर जाऊन आपलं छप्पर बघितलं. सगळीकडे सारखा, न वितळलेला बर्फ, पन्हळीला एकही सुळका नाही. कुणी फोटो काढावा असं आपल्या घराला यंदा काही नाही.

आई, तुम्ही आलात. मी फार आनंदात आहे. तुम्ही अनिकाला कणीक मळायला बसवलंत, माझ्या डब्यांवरची नावं बदललीत, हळद कुठे आहे ते आता मलाच सापडत नाही, तरी मी आनंदात आहे. आईविना राहायची मला सवय झाली होती, आणि सवय झाली म्हणजे बरं झालं असं मी समजत होते. तसं नसतं. हे तुमच्यामुळे कळलं आणि तुमच्यामुळेच भरून आलं. आभार.

मघाशी चहाचं विचारायला आत डोकावले. अनिकाने तुम्हाला झोपताना विचारलं होतं, “आजी, यू वाँट वन मोअर ब्लँकेट?” आणि तुम्ही ‘नको गं, पुरे’ म्हणालात ते मी इथून ऐकलं होतं. मला वाटलं, तिचा मान राखायला म्हणताय. आत गेले तर तुम्ही गाढ झोपेत. स्वेटर घडी करून उशाशी ठेवलेला, त्यावर यतीनचे मोजे. हिरव्या लुगड्याची गोधडी झोपेत ढकलून दिलेली आणि दोन्ही पाय उघडे. टाचांना भेगा आहेत तुमच्या. बारा वर्षांत मला माहीत नव्हतं.

गोधडी ओढून घालायला मी वाकले. मग ती तशीच राहू दिली आणि दार लोटून बाहेर आले.

तुमची माहेरवाशीण,
आसावरी